गरिबांच्या दारी वकील नेणारा बाप : सार्जंट श्राइव्हर

दरवर्षी ९ नोव्हेंबरला आमच्या तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात एक छोटा मांडव पडतो. पाच-पंचवीस खुर्च्या, एक माईक आणि मागे 'मोफत विधी सेवा' असा कापडी फलक. काळे कोट घातलेले चार-दोन तरुण वकील माहितीपत्रके वाटत असतात. येणारे-जाणारे ती घेतात, घडी घालून खिशात ठेवतात आणि आपल्या तारखेला पळतात. खोटे कशाला सांगा, आम्हीही कित्येक वर्षे तेच केले.

पण एकदा आमच्या वस्तीतील एका विधवा मावशींना घेऊन त्या कार्यालयाची पायरी चढण्याची वेळ आमच्यावर आली. नवऱ्याच्या मागे दिराने घराचा उतारा स्वतःच्या नावावर करून घेतला होता. मावशींनी पदराच्या गाठीत दोनशे रुपये बांधून आणले होते. तेथल्या वकीलबाईंनी अर्ज लिहून घेतला, अंगठा घेतला. मावशी गाठ सोडू लागल्या तशा त्या म्हणाल्या, "राहू द्या मावशी. इथे फी नाही. हा तुमचा हक्क आहे."

बाहेर आल्यावर मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, फुकटचा वकील मनापासनं भांडंल का हो?"

वाचकहो, आम्ही पेशाने कारकून. फायलींचे उत्तर आमच्याकडे असते, पण या प्रश्नाचे नव्हते. ते शोधता शोधता आम्ही एका परदेशी माणसाच्या जीवनापाशी येऊन पोहोचलो. तो माणूस श्रद्धावान कॅथलिक होता, लढाईत जखमी झालेला माजी नौसैनिक होता, वकील होता आणि पाच मुलांचा बाप होता. त्याचे नाव रॉबर्ट सार्जंट श्राइव्हर. जन्म ९ नोव्हेंबर १९१५. आपल्या विधी सेवा दिनाची आणि त्यांच्या जन्माची तारीख एकच आहे, हा निव्वळ योगायोग होय. पण हे योगायोगाचे टोक धरून त्या माणसाची ओळख आपल्या घरातील मुलाबाळांना करून द्यावी, असे आम्हाला मनापासून वाटले.

सार्जंट हे नाव, हुद्दा नव्हे

प्रथम एक खुलासा. 'सार्जंट' हा त्यांचा लष्करी हुद्दा नव्हे, ते त्यांचे नाव. घरचे व मित्र त्यांना 'सार्ज' म्हणत. ज्या वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आपल्या बाबासाहेबांनी एम. ए. ची पदवी मिळवली, त्याच १९१५ साली अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील वेस्टमिन्स्टर या गावी सार्ज यांचा जन्म झाला.

मेरीलँड हे एकेकाळी गुलामगिरीचे राज्य. श्राइव्हर घराणे तेथले जुने. घराण्यात गुलाम बाळगणारेही होते आणि १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात हे घराणे दोन बाजूंना विभागले गेले होते. अशा घरातला मुलगा पुढे वर्णभेदाविरुद्ध उभा राहिला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. माणूस कोणत्या घरात जन्मला यापेक्षा तो कोणत्या बाजूला जाऊन उभा राहिला, हेच शेवटी मोजले जाते.

घरात कॅथलिक श्रद्धा खोलवर होती. त्या काळी प्रॉटेस्टंट बहुसंख्येच्या अमेरिकेत कॅथलिकांकडे संशयाने पाहिले जाई. लहानपणी सार्ज चर्चमध्ये वेदीसेवक म्हणून काम करीत. वडील बँक व्यवसायात होते. १९२९ च्या महामंदीत त्यांचा पैसा बुडाला. हाती असलेले जाते तेव्हा घराचे काय होते, हे मुलाने कोवळ्या वयात पाहिले. पुढचे शिक्षण शिष्यवृत्तीच्या आधारावर झाले. येल विद्यापीठातून १९३८ मध्ये पदवी आणि तेथूनच १९४१ मध्ये कायद्याची पदवी त्यांनी घेतली.

युद्धाचा विरोधक, युद्धातला जखमी

विद्यार्थीदशेत एका परदेश-सहवास योजनेतून सार्ज १९३४ मध्ये जर्मनीला जाऊन आले होते. १९३९ मध्ये युरोपात युद्धाला तोंड फुटले तेव्हा ते विद्यार्थ्यांचा गट घेऊन फ्रान्समध्ये होते. अमेरिकेने या युद्धात पडू नये, असे त्यांचे ठाम मत होते. येलच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी १९४० मध्ये सुरू केलेल्या युद्धविरोधी 'अमेरिका फर्स्ट' समितीच्या पहिल्या मंडळींत ते होते. हे मत पुढे इतिहासाने चुकीचे ठरवले. परंतु देशावर वेळ येणार असे दिसताच, पर्ल हार्बरवर हल्ला होण्यापूर्वीच, त्यांनी आपण होऊन नौदलात नाव नोंदवले.

नेमणूक झाली ती 'साउथ डकोटा' या युद्धनौकेवर. १४ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री दक्षिण पॅसिफिक महासागरात ग्वाडलकनाल बेटाजवळ जपानी नौदलाशी घनघोर लढाई झाली. ऐन वेळी जहाजाची वीज गेली. अंधारात त्यावर दोन डझनांहून अधिक गोळे आदळले. सुमारे चाळीस खलाशी मृत्युमुखी पडले. जखमी झालेल्यांत सत्तावीस वर्षांचे सार्ज होते. जखमी सैनिकांना मिळणारे 'पर्पल हार्ट' हे पदक त्यांना देण्यात आले. सुमारे पाच वर्षांच्या सेवेनंतर ते लेफ्टनंट कमांडर म्हणून बाहेर पडले.

युद्धाहून परतलेले कितीतरी लोक उरलेले आयुष्य पदकाच्या आठवणीवर काढतात. श्राइव्हर यांनी आपल्या उमेदीची वर्षे वेगळ्या लढाईला दिली.

शिकागोचे धडे

युद्धानंतर काही काळ ते 'न्यूजवीक' साप्ताहिकात सहसंपादक होते. तेथून ते धनाढ्य जोसेफ केनेडी यांच्या नोकरीत आले आणि शिकागोला गेले. याच काळात जोसेफ यांची कन्या युनिस हिच्याशी त्यांचा परिचय झाला. २३ मे १९५३ रोजी दोघांचे लग्न झाले. म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडी हे त्यांचे मेव्हणे.

मोठ्या घरचा जावई म्हणून आरामात राहता आले असते. पण शिकागोत त्यांनी दोन जबाबदाऱ्या घेतल्या. १९५५ ते १९६० या काळात ते शहराच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष होते आणि त्याच सुमारास कॅथलिक आंतरवर्णीय परिषदेचेही प्रमुख होते. कृष्णवर्णीय मुलांना कॅथलिक शाळांत प्रवेश मिळावा, कृष्णवर्णीय रुग्णांना कॅथलिक रुग्णालयांनी दारातून परत पाठवू नये, यासाठी ही परिषद झगडत होती. प्रार्थना एका देवाची आणि खाटा मात्र कातडीच्या रंगाप्रमाणे! हा दांभिकपणा त्यांनी आपल्याच धर्मबांधवांच्या तोंडावर मांडला. परक्यांच्या चुका दाखविणे सोपे असते. आपल्याच मंडळींना आरसा दाखवायला धैर्य लागते.

त्यांच्या कारकिर्दीत शिकागोच्या सरकारी शाळांमधील वर्णभेद संपला नाही, हेही नमूद केले पाहिजे. १९६३ मध्ये त्याच प्रश्नावर तेथे हजारो मुलांनी शाळांवर बहिष्कार टाकला. नुसत्या सदिच्छेने व्यवस्था हलत नाही, तिला हलविण्यासाठी कायद्याची पहार लागते. हा धडा श्राइव्हर यांना पुढच्या कामात उपयोगी पडलेला दिसतो.

एक दूरध्वनी

ऑक्टोबर १९६०. अध्यक्षपदाच्या निवडणुकीला थोडेच दिवस उरलेले. डॉ. मार्टिन ल्युथर किंग यांना अटलांटातील सत्याग्रहात अटक झाली. मग वाहन परवान्याच्या जुन्या क्षुल्लक प्रकरणाचे निमित्त काढून त्यांना चार महिन्यांची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. रातोरात दूरच्या तुरुंगात हलविले गेले. पत्नी कोरेटा गरोदर होत्या. नवऱ्याला तुरुंगात जिवंत ठेवतील की नाही, या भीतीने त्या व्याकूळ झाल्या होत्या.

केनेडींच्या प्रचार कार्यालयात हॅरिस वॉफर्ड नावाचे वकील होते. त्यांनी भारतात राहून गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला होता. केनेडींनी कोरेटाबाईंना एक फोन करावा, ही कल्पना त्यांची. पण ती केनेडींपर्यंत नेणार कोण? दक्षिणेतील गोऱ्यांची मते जातील म्हणून बाकीचे सल्लागार आडवे येणार, हे उघड होते. श्राइव्हर शिकागो विमानतळाजवळच्या हॉटेलात गेले. खोलीतून एकेक सल्लागार बाहेर जाईपर्यंत थांबले. केनेडी एकटे सापडताच त्यांनी गोष्ट घातली. केनेडींनी तेथल्या तेथे फोन लावला.

डॉ. किंग सुटले. केनेडी कॅथलिक आहेत म्हणून त्यांना मत न देण्याचे ठरविलेले डॉ. किंग यांचे वडील, जे स्वतः प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होते, त्यांनी आपले मत जाहीरपणे बदलले. या घटनेची पत्रके कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून वाटली गेली. अटीतटीच्या त्या निवडणुकीत या एका फोनचा वाटा मोठा होता, असे अनेक जाणकार मानतात. आम्हाला मात्र यात राजकारणापेक्षा एक साधी गोष्ट दिसते. दुःखात असलेल्या बाईला धीराचे दोन शब्द बोलावेत, ही गोष्ट राजधानीतल्या हिशेबी माणसांना सुचत नव्हती. ती पटवून देण्यासाठी एक माणूस दाराशी ताटकळत उभा राहिला.

विक्रोळीच्या अमेरिकन आजी

केनेडी अध्यक्ष झाल्यावर १ मार्च १९६१ रोजी 'पीस कोअर' या संघटनेची स्थापना झाली. अमेरिकन तरुणांनी दोन वर्षे गरीब देशांत, तेथल्या लोकांत राहून काम करायचे, अशी ही योजना. श्राइव्हर तिचे पहिले संचालक. त्याच वर्षी ते आठ देशांच्या दौऱ्यावर निघाले. त्यात भारत होता. येथे त्यांनी पंडित नेहरूंची भेट घेतली. तुमच्या तरुणांना इथे पुष्कळ शिकायला मिळेल, पण ते परत जातील तेव्हा पंजाब होता तसाच राहिला तर त्यांनी निराश होऊ नये, अशा अर्थाचे मार्मिक बोल नेहरूंनी ऐकविल्याचे प्रसिद्ध आहे. पुढे पंजाबात पहिली तुकडी आली. १९७६ पर्यंत हे काम भारतात चालू होते.

यातील एक गोष्ट आपल्या मुंबईची आहे. १९६६ मध्ये अडुसष्ट वर्षांच्या लिलियन कार्टर या परिचारिका पीस कोअरमधून विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत येऊन राहिल्या. दवाखान्यात त्यांनी कामगारांच्या कुटुंबांची शुश्रूषा केली, कुष्ठरुग्णांना औषधोपचार केले. १९६८ मध्ये त्या परत गेल्या. त्यांचा मुलगा जिमी कार्टर १९७७ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. साठीनंतर देवदेव करीत बसावे, असे मानणाऱ्या आपल्या समाजाने या आजींकडे जरूर पाहावे.

१९६६ साली पीस कोअरच्या स्वयंसेवकांची संख्या पंधरा हजारांवर गेली होती.

दारिद्र्याविरुद्ध युद्ध

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडींची हत्या झाली. नवे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ८ जानेवारी १९६४ च्या भाषणात दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले. या युद्धाचा सेनापती म्हणून त्यांनी श्राइव्हर यांना निवडले. १ फेब्रुवारीला त्यांनी फोन केला. परदेश दौऱ्यावरून नुकत्याच परतलेल्या श्राइव्हर यांनी विचाराला अवधी मागितला. जॉन्सन यांनी तो दिला नाही आणि त्याच दिवशी नाव जाहीर करून टाकले!

देशातील गरिबांत मुलांचा वाटा केवढा मोठा आहे, हे आकडे समोर आल्यावर श्राइव्हर चमकले. शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच गरिबाचे मूल मागे पडलेले असते. म्हणून 'हेड स्टार्ट' ही योजना निघाली. शाळेपूर्वीचे शिक्षण, सकस आहार, डॉक्टरी तपासणी आणि आईबापांचा सहभाग, अशा चार पायांवर ती उभी होती. १९६५ च्या पहिल्याच उन्हाळ्यात साडेपाच लाखांहून अधिक मुले तीत आली. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. त्यातील अंगणवाडी ज्यांच्या वस्तीत आहे, त्या माताभगिनींना ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको.

अमेरिकेत १९६४ मध्ये शंभरांत एकोणीस माणसे सरकारी दारिद्र्यरेषेखाली होती. १९६९ मध्ये ती बारा झाली. यात देशाच्या भरभराटीचा वाटा होता, तसा या योजनांचाही होता. पण व्हिएतनामच्या युद्धात पैसा ओतला जाऊ लागला आणि दारिद्र्याविरुद्धच्या युद्धाची रसद आटली. तोफांना पैसा मिळतो, पाटीला मिळत नाही. हे दुखणे एका देशाचे नव्हे.

वकील वस्तीत आला

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ.

१९६४ मध्ये येलच्या कायदाविषयक नियतकालिकात एडगर आणि जीन कान या वकील दांपत्याचा एक लेख आला. एडगर गोरे, जीन कृष्णवर्णीय. दारिद्र्यविरोधी योजना वरून खाली येतात, पण खालच्या माणसाला वरच्याला जाब विचारता येत नाही. म्हणून गरीब वस्तीतच वकिलाचे कार्यालय हवे, असा त्यांचा मुद्दा होता. श्राइव्हर स्वतः वकील असल्याने त्यांना त्याचे मोल ताबडतोब कळले. १९६५ मध्ये 'लीगल सर्व्हिसेस' ही योजना आली.

गरिबांना फुकट वकील देणाऱ्या धर्मादाय संस्था अमेरिकेत आधीही होत्या. पण त्या दयेवर चालत. दाता हात आखडता घेई तेव्हा न्यायही आखडत असे. नव्या योजनेत पैसा सरकारचा, वकील पूर्णवेळ आणि कार्यालय गरिबांच्या गल्लीत. घरमालकाने बेकायदा बाहेर काढले, सावकाराने फसवले, सरकारी मदत कारण न देता बंद झाली, तर गरीब माणूस त्या दारात जाई. आणि तेथला वकील फक्त एक तक्रार मिटवून थांबत नसे, तर अशा हजारो तक्रारी ज्या नियमातून जन्मतात, त्या नियमालाच न्यायालयात आव्हान देत असे.

एक उदाहरण पुरे. न्यूयॉर्कमधील काही गरीब रहिवाशांची सरकारी मदत त्यांचे म्हणणे न ऐकताच बंद करण्यात आली होती. गरिबांसाठी काम करणाऱ्या वकिलांनी दावा लावला. २३ मार्च १९७० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'गोल्डबर्ग विरुद्ध केली' या खटल्यात निकाल दिला की, आधी सुनावणी दिल्याशिवाय अशी मदत बंद करता येणार नाही. याचा अर्थ असा की, भाकर ही साहेबाच्या मेहेरबानीची वस्तू राहिली नाही. ती काढून घ्यायची तर कारण द्यावे लागेल, ऐकून घ्यावे लागेल.

'फुकटचा वकील मनापासून भांडेल का?' याचे हे एक उत्तर. तो इतका मनापासून भांडला की सत्ताधीश चिडले. सरकारच्या पैशाने सरकारवरच दावे लावता काय, असा गहजब झाला. कॅलिफोर्नियातील शेतमजुरांसाठी लढणाऱ्या अशाच एका संस्थेचे अनुदान तेथील गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी १९७० च्या अखेरीस रोखून धरले. चौकशी झाली, आरोप टिकले नाहीत, अनुदान पुन्हा सुरू झाले. १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्या सहीने या कामासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. आपल्या दारिद्र्यविरोधी कामांपैकी लीगल सर्व्हिसेसचा आपल्याला सर्वांत जास्त अभिमान वाटतो, असे श्राइव्हर यांनी पुढे सांगितले.

चूक आणि दुरुस्ती

थोर माणसाचे चरित्र सांगताना त्याच्या चुका झाकणे, ही त्याच्याशी प्रतारणाच होय. मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीय गरिबांनी स्वतः चालविलेली हेड स्टार्टची केंद्रे होती. कालपर्यंत गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायका तेथे मुलांना शिकवू लागल्या. वर्णवर्चस्ववादी पुढाऱ्यांना हे सहन झाले नाही. वॉशिंग्टनमधील बलाढ्य सिनेटरने हिशेबातील गोंधळाचे निमित्त करून दबाव आणला. १९६६ च्या शरद ऋतूत श्राइव्हर यांच्या खात्याने अनुदान तोडले.

तेव्हा देशातील नामवंतांनी एका मोठ्या वृत्तपत्रात पानभर जाहिरात दिली. श्राइव्हर, हे खरे नाही असे सांगा, असा तिचा आशय होता. हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला. कारण तो शत्रूंनी नव्हे, आपल्याच माणसांनी घातला होता. काही आठवड्यांनी वाटाघाटी होऊन अनुदान पुन्हा देण्याचे ठरले.

आम्हा कार्यकर्त्यांना यात मोठा बोध आहे. चांगला माणूससुद्धा खुर्चीवर बसला की दबावाखाली वाकू शकतो. तेव्हा त्याला सरळ करायला खाली संघटित लोक असावे लागतात. नेत्याच्या चांगुलपणावर विसंबून झोपी जाणाऱ्या समाजाला जाग येते तेव्हा उशीर झालेला असतो.

घरातला बाप

युनिसबाईंची थोरली बहीण रोझमेरी बौद्धिक दिव्यांग होती. १९४१ मध्ये तिच्या मेंदूवर केलेल्या शस्त्रक्रियेने ती कायमची परावलंबी झाली. अशी मुले लपवून ठेवण्याचा तो काळ. युनिसबाईंनी १९६२ च्या उन्हाळ्यात आपल्या घराच्या अंगणातच अशा मुलांसाठी शिबिर भरविले. श्राइव्हर यांची स्वतःची मुले त्या मुलांबरोबर पोहली, खेळली. त्यातूनच २० जुलै १९६८ रोजी शिकागोत पहिले स्पेशल ऑलिंपिक्स झाले. हे काम पत्नीचे. नवऱ्याने ते आपले मानले आणि १९८४ पासून त्या संघटनेचे अध्यक्षपद सांभाळले. बायकोच्या कामाचा झेंडा खांद्यावर घेण्यात कमीपणा न मानणारा नवरा आजही दुर्मिळच!

फ्रान्समधील राजदूतपद, १९७२ ची उपाध्यक्षपदाची उमेदवारी, १९७६ मधील अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी केलेला प्रयत्न, असे राजकारणही त्यांनी केले. दोन्ही निवडणुकांत पदरी अपयश आले. पण त्या हारजितीने त्यांची दिनचर्या बदलली नाही. रोज मिस्सेला जाणे, जपमाळ जवळ बाळगणे, मुलांना पत्रे लिहिणे चालूच राहिले. १९९४ मध्ये येलच्या पदवीधरांपुढे बोलताना त्यांनी सांगितले की, घरातले आरसे फोडून टाका. स्वतःकडे कमी पाहा, शेजाऱ्याकडे अधिक पाहा, असे त्यांना सुचवायचे होते.

२००३ मध्ये त्यांना अल्झायमर म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार असल्याचे निदान झाले. हळूहळू मुलांची नावे गेली, केलेली कामे गेली. ज्या माणसाने लाखो मुलांना शाळेची वाट दाखवली, त्याला आपल्याच घराची वाट सापडेना. कन्या मारिया यांनी या आजाराविषयी जाहीरपणे बोलून अनेक कुटुंबांना धीर दिला. ऑगस्ट २००९ मध्ये युनिसबाई गेल्या. १८ जानेवारी २०११ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, सार्जंट श्राइव्हर यांनी देह ठेवला.

त्यांचा मुलगा मार्क याने वडिलांवर पुस्तक लिहिले. ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'अ गुड मॅन' म्हणजे 'एक भला माणूस'. वडील गेल्यावर भेटायला येणारी साधीसुधी माणसे पुन्हा पुन्हा एकच वाक्य बोलत होती की, तुझे वडील भला माणूस होते. 'थोर' म्हणणारे थोडे, 'भला' म्हणणारे पुष्कळ. या शब्दाचा अर्थ शोधण्यासाठीच मुलाने लेखणी उचलली.

स्मृती गेली, काम राहिले

आम्हाला या जीवनातून एकच गोष्ट सांगायची आहे. भलेपणा माणसाबरोबर मरतो. परंतु भलेपणाचे कार्यालय उघडले, त्याचा कायदा केला, त्याला पगारी माणूस आणि उघडा दरवाजा दिला, तर तो माणसामागेही जगतो. श्राइव्हर यांना शेवटी आपण काय केले तेही आठवत नव्हते. पण त्या दिवसांतही कुठल्यातरी गल्लीत कोणी गरीब बाई वकिलासमोर बसून आपले गाऱ्हाणे सांगत होती. त्याने विसरलेले त्याच्या कामाने लक्षात ठेवले होते.

आपल्या देशात १९७६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला आणि गरिबाला मोफत विधी साहाय्य देण्याची जबाबदारी राज्यावर आली. १९७८ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या होस्कोट खटल्यात आणि १९७९ मध्ये हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांच्या व आरोपींच्या या हक्काला बळ दिले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींची व्यक्ती, स्त्रिया, मुले, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतील माणसे आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मदत मागता येते. माताभगिनींनो, हा क्रमांक घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

मावशींचे पुढे काय झाले? प्रकरण तीन वर्षे चालले. मध्ये वकील दोनदा बदलले. एक मनापासून भांडला, एकाने तारखा चुकवल्या. तेव्हा आम्ही वस्तीतील दहा जण समितीकडे गेलो, लेखी तक्रार दिली आणि वकील बदलून घेतला. अखेर लोकअदालतीत दीर नरमला आणि उताऱ्यावर मावशींचे नाव परत लागले.

तो उतारा हातात घेऊन मावशी म्हणाल्या, "भांडला की हो फुकटचा वकील!"

आम्ही म्हणालो, "मावशी, तो फुकटचा नव्हता. तो तुमच्या हक्काचा होता. आणि तो भांडावा म्हणून आपल्याला पाठीमागे उभे राहावे लागले."

येत्या ९ नोव्हेंबरला कोर्टाच्या आवारात मांडव पडेल तेव्हा तेथले माहितीपत्रक घडी घालून खिशात ठेवू नका. घरी आणा, मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या, शेजारच्या निरक्षर बाईला समजावून सांगा. आणि जमले तर त्या दिवशी मुलांना त्या दूरदेशीच्या कॅथलिक बापाची गोष्टही सांगा.